आपाचं कार्ड बरोबर होतं

आपा मोंडकर लग्नाची कॅसेट पहिल्यांदा पाठ फिरवून बघायचे. टीव्हीकडे पाठ, तोंड भिंतीकडे, डोळे मिटलेले, मांडीवर एक पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर कार्डं. अशी शेवटपर्यंत ऐकून झाली की कॅसेट मागे न्यायची, आवाज पूर्ण बंद करायचा आणि मग खुर्ची फिरवून नुसतं चित्र बघायचं. "दोनय एकदम केल्यार दोनय अर्धीच गावतत," असं त्यांचं म्हणणं. रस्त्यावरचे लोक काचेतून बघून हसत. शेजारचा शिंपी एकदा मला म्हणाला, "रे बाळा, म्हाताऱ्याक शिक्षा केलंस काय? भिंतीकडे तोंड करून बसवलंस तो?"

आपा आतूनच ओरडले, "शिक्षा तुका होया. तुझ्या भाचीच्या लग्नात तू काय काय बोललंस ता सगळा हय लिवन ठेवलंय."

शिंपी पुन्हा काचेशी आला नाही.

ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आमच्याकडे नवानवा आला, तेव्हा मालवणच्या बाजारात मी शूटिंगचं दुकान काढलं. एक कॅमेरा, दोन व्हीसीआर, एक टीव्ही आणि हातात धरायचा भगभगीत दिवा. लग्न, मुंज, जत्रा, जे मिळेल ते आम्ही टिपायचो. कॅमेऱ्यातून निघते ती कच्ची कॅसेट. तिच्यातले चांगले तुकडे एका मशीनवरून दुसऱ्यावर उतरवून पार्टीला द्यायची ती पक्की. कच्च्या कॅसेटचं पुढे काय करायचं, याचा विचार त्या काळात कोणी करत नव्हतं. बहुतेक दुकानदार तिच्यावर दुसरं लग्न घ्यायचे. आपा आले आणि माझ्या दुकानात ते बंद झालं.

मुंबईत एका फिल्म स्टुडिओच्या एडिटिंगच्या खोलीत त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. तिथे फिल्मचा कुठला तुकडा कुठल्या डब्यात आहे, त्यात कोण आहे, काय बोलतो, हे लिहून ठेवायचं आणि एडिटरने हात पुढे केला की तो तुकडा त्याच्या हातात द्यायचा, हे त्यांचं काम. पडद्यावर त्यांचं नाव कधी आलं नाही. हे ते कोणालाही, कधीही, न विचारता सांगत. नम्रपणा त्यांच्या अंगाला लागलेला नव्हता. "ह्या जिल्ह्यात कॅमेरे धा जणांकडे असतले," ते म्हणत, "पण काय खंय आसा ता म्हायती असलेलो माणूस एकच. तो मी."

फिल्म हाताळायला लागतात ते सुती पांढरे हातमोजे त्यांनी मुंबईहून आणले होते. व्हिडिओच्या कॅसेटला त्यांची काही गरज नसते, फीत आत बंदच असते. मी तसं एकदा सांगितलं. "कापड विकणारोसुद्धा हात धुता," ते म्हणाले, आणि मोजे घातले. रोज संध्याकाळी ते स्वतः धुऊन दुकानाच्या मागच्या दोरीवर घालत. गिऱ्हाईक आलं की हमखास विचारी, "हयसर दवाखानो पण काढलास?"

कार्डं ते लग्नपत्रिकांची करत. पत्रिका दुकानात ढिगाने यायच्या. त्यांची कोरी बाजू कापून एकसारखी करायची आणि पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहायचं. दर कॅसेटचं एक कार्ड. शिवाय दर माणसाचं एक. गाव, घर, माणूस, मग कुठल्या कॅसेटमध्ये, मशीनवरच्या काउंटरच्या कुठल्या आकड्याला, काय करतो, काय बोलतो. साबणाच्या लाकडी खोक्यांत ही कार्डं वाडीवार लावलेली असत. आता मुलं असली कामं कॉम्प्युटरवर करतात. आमचा कॉम्प्युटर पेन्सिलीचा होता आणि तो शिव्याही द्यायचा.

त्यांचा एकच नियम होता. दिसलं ते लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही. 'नवरी आनंदात' असं मी एकदा लिहिलं तर त्यांनी ते खोडलं. "आनंदात आसा ह्या तुका कोणी सांगल्यान? दात दिसतत, इतक्याच लिव." नवरीच्या आत्याच्या कार्डावर त्यांनी लिहिलेलं मला अजून आठवतं: 'डोळे पुसते. जवळ चूल नाही.' जे स्वतः बघितलेलं नसे, दुसऱ्याकडून कळलेलं असे, त्याच्यापुढे ते कंसात सांगणाऱ्याचं नाव घालत.

आचऱ्याकडच्या एका घरात भांडण लागलं होतं. लग्नात मामाला मानाचा नारळ दिलाच नाही, म्हणून मामाने त्या घरी पाऊल टाकायचं बंद केलं. नवऱ्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरत आलेलं, आणि मामाशिवाय ते उभं राहीना. शेवटी सगळे दुकानात आले. आपांनी मामाचं कार्ड काढलं. त्यांची पद्धत ठरलेली. आधी कार्ड मोठ्याने वाचायचं, मग कॅसेट लावायची, म्हणजे बघणाऱ्याला ताडून बघता येतं. त्यांनी वाचलं, "वराचा मामा. नारळ उजव्या हातात घेतो. खुर्चीखाली ठेवतो. जेवणाची हाक आल्यावर उठतो. नारळ खुर्चीखालीच." मग कॅसेट लावली. अगदी तसंच.

मामा म्हणाले, "मगे तो नारळ गेलो खंय?"

"ता माझ्या कार्डार नाय," आपा म्हणाले. "कॅमेरो जेवणाकडे गेलो. आणि तुमीय."

तेव्हापासून बाजारात कुठलाही वाद झाला की लोक म्हणत, "आपाच्या कार्डार आसा काय?"

पण खोकी खरी उघडायची ती माणूस मेल्यावर. त्या काळात आमच्या गावांत बहुतेकांचा एखादाच फोटो असे, तोही ओळखपत्रासाठी काढलेला. मुंबईहून एक मुलगा आला, त्याची आई गेली होती. तिचं शूटिंग कोणी केलं नव्हतं, पण ती वाडीतल्या प्रत्येक लग्नात वाढायला असायची. आपांनी निरनिराळ्या पाच लग्नांतून तिचे तुकडे काढून एका कॅसेटवर जोडले. चारांत ती पाठमोरी होती. एकात वळून कोणाला तरी "मीठ खंय?" विचारते. मुलाने तेवढंच परत परत लावायला सांगितलं आणि हुंदके देऊ लागला. आपा त्याच्यावर खेकसले, "रडूचा तर भायर जा. मशीनीक ओल चालना नाय." तो बाहेर गेल्यावर त्यांनी तो तुकडा त्याच्या कॅसेटवर लागोपाठ अनेकदा उतरवला, म्हणजे घरी त्याला मागे-पुढे करत बसायला नको.

ओलीशी त्यांचं वैर होतं. पावसाळ्यात फितींना बुरशी धरते म्हणून कॅसेटच्या कपाटात एक बल्ब कायम पेटता ठेवलेला असे. दुसरं वैर पुसण्याशी. कॅसेटच्या पाठीवर कोपऱ्यात प्लास्टिकची एक इवलीशी पट्टी असते. ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. प्रत्येक कच्ची कॅसेट नोंदवून झाली की आपा खिशातला चाकू काढून ती पट्टी मोडत. टक्‌ असा आवाज होई. "आता ह्येका कोण हात लावचो नाय," ते म्हणत.

पट्टी मोडली तरी त्या भोकावर चिकटपट्टी लावली की कॅसेट पुन्हा चालते. हे त्यांना माहीत होतं, आणि मलाही.

मे महिन्यात ते बहिणीच्या नातवाच्या मुंजीला आठवडाभर बांद्याला गेले होते. मला एक मोठं लग्न होतं. नव्या कॅसेटी कोल्हापूरहून बसने यायच्या, ती बस घाटात बंद पडली आणि पार्सल फोंडाघाटाच्या स्टँडवर अडकलं. लग्नाच्या सकाळी माझ्याकडे एकही कोरी कॅसेट नव्हती. मी कपाट उघडलं. एक्केचाळीस नंबरची कॅसेट जत्रेची होती. देवळाच्या कमिटीला त्यातली पालखी आणि मानकरी उतरवून दिलेले होते. उरली होती ती नुसती गर्दी. मी भोकावर चिकटपट्टी लावली.

आपा यायच्या आत ते लग्न मीच एडिट केलं, चिकटपट्टी सोलून काढली आणि कॅसेट जागेवर ठेवली. आल्यावर त्यांनी विचारलं, "ह्या लग्नाची कच्ची खंय?" मी म्हटलं, पार्टी घेऊन गेली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कार्डावर लिहिलं: 'कच्ची कॅसेट पार्टीकडे (मालकाने सांगितले).' ते मला चारचौघांत बाळा म्हणत. मालक फक्त त्या कंसात.

श्रावणात जानकीकाकी आली. खाडीपलीकडच्या वाडीतली. तिचा मुलगा मुरारी मालवाहू बोटीवर खलाशी होता. जत्रेला रजेवर आला, मग बोटीवर गेला, आणि पावसाच्या तोंडावर कळलं की तो समुद्रात पडला. प्रेत मिळालं नाही. घरच्यांचं म्हणणं, दर्भाचा पुतळा करून विधी उरकून घ्यावा. काकी विधी करू देत नव्हती. तिच्याबरोबर दीर होता, बाबी, आणि मुलगी नलिनी.

"आपानू," ती म्हणाली, "माजो मुरारी तुमच्याकडे आसा म्हणतत."

जत्रेत मी कॅमेरा तिच्यावर नेला होता. दिव्याने ती लाजली आणि पदराने तोंड झाकलं. मुरारीने तिच्या खांद्यावर हात टाकला आणि कानाशी काहीतरी बोलला. "ढोल वाजत होते," काकी म्हणाली. "तो काय म्हणालो ता माका ऐकूक इलाच नाय. मी नुसती मान हालवलंय. काय म्हणालो तो? तेवढा ऐकवा. मगे हे सांगतत ता करतंय."

आपांनी मुरारीचं कार्ड काढलं आणि वाचलं. "कॅसेट एक्केचाळीस. मुरारी. आईच्या खांद्यावर हात. ढोल. बोलतो: आये, तोंड कित्या लपवतंस? पुढच्या जत्रेक मी असतलंय, मगे परत काढूक सांगूया."

काकीने दोन्ही हातांनी बाक धरलं. "असा म्हणालो?"

"चार फेरे ऐकून लिवलंय. आता तू ऐक."

मी तिथेच उभा होतो. त्या वेळी सांगायला हवं होतं. आपांनी कॅसेट घातली, काउंटर शून्यावर आणला, पुढे नेला, बटण दाबलं. बँड वाजू लागला. हिरव्या शालूतली एक नवरी पायरीवर उभी होती. त्यांनी पुढे नेलं, मागे नेलं. सगळीकडे तेच लग्न.

त्यांनी कॅसेट बाहेर काढली. मग उजव्या हाताचा मोजा उतरवला. कॅसेटला उघडा हात लावताना मी त्यांना तेव्हाच बघितलं. अंगठा पाठीवरच्या त्या भोकाच्या कडेवरून फिरवला. तिथे चिकटपट्टीचा गोंद राहिला होता आणि त्यावर धूळ बसली होती. त्यांनी अंगठा बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "आपा, नंबर चुकला असेल. वय झालं तुमचं."

"कार्ड बरोबर आसा," ते म्हणाले. एवढंच.

बाबी हसला. "म्हणजे कॅसेट खोटी? चला वैनी. नंबर चुकलो तर ता बोलणाय दुसऱ्याच कोणाचातरी. खयच्या तरी पोराचा."

काकीचा चेहरा त्या वाक्याने बदलला. कॅसेट मिळाली नाही तेव्हा बदलला नव्हता. मी घाईने म्हणालो, "काकी, दुसऱ्या कॅसेटमध्ये असेल. आम्ही शोधतो."

कॅसेट पुसली ती घाई होती, त्याला मी आजवर काहीतरी नाव देत आलो. पण मुलाचं शेवटचं बोलणं तिच्या कानात पडलं होतं, आणि मी एका वाक्यात ते काढून घेतलं. त्याला मला नाव सापडलेलं नाही.

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी ती येऊन बाकावर बसू लागली. "गावलो?" ती विचारी. मी म्हणे, अजून बघतो. आपा भिंतीकडे तोंड करून बसलेले असत. मान खाली, पेन्सिल हलत नसे. ती गेल्यावरही ते माझ्याशी त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हते. त्यांनी मला शिव्या द्याव्यात म्हणून मी वाट बघत होतो. त्या काळात त्यांच्या शिव्या बंद झाल्या होत्या.

असे काही बाजार गेले. एका दिवशी ती "गावलो?" म्हणाली आणि आपांनी खुर्ची फिरवली.

"काकी, नाय गावाचो. ती कॅसेट एक्केचाळीसच होती. तेच्यार दुसरा लगीन घेतला गेला."

"कोणी घेतल्यान?"

मी गल्ल्यामागे होतो. माझ्या आणि आपांच्या मध्ये फार तर चार हात अंतर.

"माझ्या हातून झाला," आपा म्हणाले. "पण कार्ड तेच्या आधीचा आसा. माझ्या कानानी ऐकलंय मी. ता बोलणा मुरारीचाच. तुझ्याच झिलाचा."

काकी उठली. तिने आवाज चढवला नाही. "आपानू, दर्यान एकदा बुडवल्यान. दुसऱ्यांदा तुमी."

पायरीवर जाऊन ती थांबली आणि पाठमोरीच म्हणाली, "पुढच्या जत्रेक मी असतलंय, असाच म्हणालो?"

"असाच."

घरच्यांनी पुढच्या आठवड्यात विधी केला.

त्या दिवशी ती पायरी उतरून गेल्यावर मी आपांसमोर जाऊन उभा राहिलो. "कित्या केलात ह्या?" एवढंच विचारलं.

"तुझ्यासाठी नाय," ते म्हणाले. "चुकलेल्या कार्डार ती इश्वास ठेवची नाय. पुसणाऱ्याचा कार्ड तरी खरा असता." मग त्यांनी एक्केचाळीस नंबरचं कार्ड घेतलं आणि जुन्या ओळींखाली लिहिलं: 'वरील जत्रा पुसली गेली. कोणी, ते पाहिले नाही.' तोंडाने ते माझ्यासाठी खोटं बोलले होते. कार्डावर त्यांनी तेही केलं नाही. चाकू खिशात घातला, मागच्या दोरीवरचे मोजे काढले, ओलेच घडी केले आणि घरी गेले. परत आले नाहीत. मी बोलवायला गेलो नाही.

बातमी आठवडी बाजाराच्या वेगाने गेली. आपाने खलाशाच्या आईची कॅसेट पुसली. लोकांनी त्यांना 'पुसणारो' म्हणायला सुरुवात केली. ते दिसले की शिंपी आतून ओरडे, "आपानू, माझा काय लिवलास ता पण पुसून टाका मा!" आपा उलट बोलत नसत. ते उलट बोलत नाहीत हे बघून लोकांची खात्री पटली. आणि मी दुकानात बसून हे सगळं ऐकत होतो. एकदा एका गिऱ्हाइकाने विचारलं, "म्हातारो असो कसो चुकलो?" मी म्हणालो, "वय झालं." तेव्हा ते साठीचेही नव्हते.

हे लिहायच्या आधी मी बसने ओरोसला जाऊन आलो. नलिनी तिथल्या सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन तिथेच राहते. काकी जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मी नलिनीला सगळं सांगितलं आणि मुरारीचं कार्ड तिच्या हातात दिलं. तिने ते चष्मा लावून वाचलं, उलटं करून मागची लग्नपत्रिकाही वाचली. कचेरीतल्या शुद्ध मराठीत ती म्हणाली, "आई शेवटपर्यंत हे वाक्य म्हणायची. आणि त्यांना शाप द्यायची. दोन्ही रोज." जरा वेळाने तिची भाषा बदलली. "आता माका सांगान काय उपयोग? आयेक सांगूचा होता. तेंका सांगूचा होता." तिने मला चहा दिला. मी तो प्यायलो.

आपांना मी शेवटचं बघितलं ते कॅमेऱ्यातून. ते दुकान सोडून गेल्यावर दोनेक वर्षांनी, त्यांच्याच वाडीतल्या एका लग्नात. मी मांडवात कॅमेरा फिरवत होतो. शेवटच्या रांगेत ते बसले होते, बाजूच्या दोन खुर्च्या रिकाम्या. मी भिंग तसंच पुढे नेणार होतो, पण हात थांबला. त्याच वर्षी पावसाळ्यात ते वारले. त्यांच्याकडून मला एडिटिंगच्या खोलीतल्या चित्रपटांची नावं कितीतरी कळली होती. त्यांचं स्वतःचं चित्र मात्र कुठेच नव्हतं. आमच्या सगळ्या कॅसेटींत ते कॅमेऱ्याच्या किंवा मशीनच्या मागे. फक्त त्या एका लग्नात पुढे.

ती कॅसेट मी पुष्कळ शोधली. आपांनी दुकान सोडल्यावर तिथे कोणी कार्डं लिहिली नव्हती. कपाटातला बल्बही गेला होता, तो मी बदलला नव्हता. शेकडो कॅसेटींना बुरशी आली. ती त्यांच्यातच कुठेतरी आहे, किंवा मीच तिच्यावर दुसरं काही घेतलं. मला माहीत नाही.

म्हणून त्यांच्या पद्धतीने, एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर, हे मी लिहून ठेवलं आहे:

आपा मोंडकर. लग्नाचा मांडव, शेवटची रांग. पांढरा शर्ट, हात मांडीवर, उघडे. दिवा तोंडावर येतो, तोंड लपवत नाही. सरळ कॅमेऱ्यात बघून काहीतरी बोलतो. बँड वाजतो आहे. ऐकू आलं नाही.